पाय शिबिरात मिळतो, टिकतो तो घरात

अपघातानं किंवा साखरेच्या आजारानं पाय गेला, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागतं: कृत्रिम पाय कधी बसणार? पुढं कधीतरी जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर लागतं, माप घेतलं जातं, पाय मिळतो, फोटोही निघतो. वर्षभरानं तोच पाय माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला दिसतो. विचारलं तर उत्तर येतं, "लागतोय हो. जखम झाली, मग घातलाच नाही."

यात बनवणाऱ्याची चूक क्वचितच असते. तळव्याची कातडी जन्मभर भार झेलायला बनलेली असते, पोटरीची किंवा मांडीची नसते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागाला, म्हणजे डॉक्टर ज्याला स्टंप म्हणतात त्याला, एकाएकी तळव्याचं काम करावं लागतं. त्यासाठी तो रोज तयार ठेवावा लागतो. हे काम शिबिरात कुणी करून देत नाही, घरीच करायचं असतं. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं दिली तर ते होतं.

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेश, मांजरसुंबा, नेकनूर या बालाघाटाच्या पट्ट्यात या रोजच्या निगेच्या अडचणीही वेगळ्या आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पाणी मोजून वापरावं लागतं, रस्ते मुरमाड आहेत, आणि दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. पुढचा सल्ला हे सगळं धरूनच दिला आहे. तो मुख्यतः पायाबद्दल आहे; पण कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्रात हात गेलेल्यांनाही धुणं, तपासणं आणि पट्टी बांधणं हे नियम तसेच लागू पडतात.

पहिले दोन-तीन महिने: सूज आणि पट्टी

टाके निघाले म्हणजे स्टंप तयार झाला असं नाही. सूज उतरून त्याला निमुळता, एकसारखा आकार यावा लागतो. तोवर घेतलेलं माप पुढं चुकतं. हा आकार क्रेप बँडेजनं येतो. गुडघ्याखालच्या स्टंपला साधारण चार इंची आणि मांडीच्या स्टंपला सहा इंची पट्टी वापरतात.

पट्टी तिरकी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. टोकाशी घट्ट आणि वर येताना सैल होत जायला हवी. सरळ गोल वेढे देऊ नका. वरचा वेढा आवळला की रक्त खालीच अडकतं आणि टोक फुगतं. गुडघ्याखालच्या स्टंपची पट्टी गुडघ्याच्या वर एक वेढा नेऊन अडकवा, वाटी मोकळी ठेवा. मांडीची पट्टी कमरेभोवती न्यावी लागते, नाहीतर ती घसरते आणि जांघेजवळ मांसाची घडी बाहेर येते. रुग्णालयातून सुट्टी घेण्याआधी घरातल्या एका माणसानं नर्सच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या समोर स्वतःच्या हातानं दोनदा पट्टी बांधून दाखवावी. नुसतं बघून ती जमत नाही.

दर चार ते सहा तासांनी, किंवा सैल झाली की लगेच, पट्टी सोडून पुन्हा बांधा. आत ठणका लागला, मुंग्या आल्या, टोक निळसर पडलं तर ताबडतोब सोडा. रात्रीही ती हवीच. किमान दोन जोड ठेवा. धुतल्यावर पिळू नका, दोरीवर लोंबत टाकू नका. सावलीत सपाट पसरा, म्हणजे ताण टिकतो. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर पट्टीऐवजी ताणाचा तयार मोजा मिळतो, त्याला श्रिंकर म्हणतात. घालायला तो सोपा असतो.

बसणं आणि झोपणं

माया म्हणून घरचे लोक स्टंपखाली उशी देतात. ही माया पुढं महागात पडते. उशीनं गुडघा किंवा जांघ वाकलेली राहते, स्नायू आखडतात आणि काही आठवड्यांनी सांधा सरळ होईनासा होतो. वाकलेल्या सांध्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. म्हणून:

- स्टंपखाली उशी नको. दोन्ही मांड्यांच्या मध्येही नको.
- खाटेच्या काठावरून गुडघा खाली लोंबकळत ठेवून बसू नका. खुर्चीवर बसलात तर समोर स्टूल किंवा फळी घेऊन गुडघा सरळ ठेवा.
- कुबडीच्या मुठीवर स्टंप टेकवून उभं राहायची सवय लावून घेऊ नका.
- दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा. दोन्ही मांड्या जवळ ठेवा आणि तोंड चांगल्या पायाच्या बाजूला वळवा. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जखम पूर्ण भरल्यावर व्रणाची मालिश सुरू करा. बोटांची टोकं कातडीवर घासायची नाहीत. कातडी धरून ती खालच्या थरावर हलकेच गोल फिरवायची. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यामुळे व्रण हाडाला चिकटत नाही. स्पर्श सहन होत नसेल तर आधी कापसानं, मग मऊ सुती कापडानं, मग टॉवेलनं अशी हळूहळू सवय करा.

संध्याकाळचं धुणं

स्टंप रात्री झोपण्याआधी धुवा, सकाळी पाय घालण्याच्या तोंडावर नको. ओलसर कातडी मऊ पडते आणि सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिच्यात, घासली की लगेच सोलवटते. सकाळी आंघोळ केलीच तर स्टंप पूर्ण कोरडा होऊ द्या, मग पाय घाला.

पाणी फार लागत नाही, दोन तांबे पुरतात. कोमट पाणी, कमी वासाचा साधा साबण आणि हात एवढंच हवं. दगड, काथ्या, घासणी काही नको. साबण अंगावर राहिला तर खाज सुटते, म्हणून नीट धुऊन काढा. व्रणाच्या घडीत विशेष लक्ष द्या. मग टॉवेलनं टिपा, रगडू नका, आणि पाच-दहा मिनिटं हवेवर मोकळा ठेवा. बादलीत बुडवून ठेवू नका. त्यानं कातडी भिजून सूज येते. कातडी कोरडी पडत असेल तर रात्री वास नसलेलं साधं मलम किंवा थोडं खोबरेल चोळा. सकाळी पाय घालताना मात्र कातडीवर तेलाचा अंश नको.

काही गोष्टी कटाक्षानं टाळा. स्टंपवरचे केस वस्तऱ्यानं काढू नका, ते आत वळून पुळ्या येतात. स्पिरिट किंवा पाण्यात न मिसळलेलं जंतुनाशक रोज लावलं तर कातडी तडकते. जखमेवर चुना, राख, रॉकेल नको. बिब्बा तर बिलकूल नको, त्यानं कातडी भाजते. विटेचा किंवा गरम पिशवीचा शेकही घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर आणि मधुमेहात संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळतच नाही.

रोज बघायचं, हातानंही आणि आरशातही

धुऊन झालं की उजेडात स्टंप सगळ्या बाजूंनी बघा. टोक आणि मागची बाजू दाढीच्या आरशात दिसते, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. नजर कमी असेल तर मुलाला किंवा सुनेला दाखवा. मग हात फिरवा. एखादी जागा बाकीच्या भागापेक्षा गरम लागते का, टणक लागते का, दाबल्यावर दुखते का?

पाय काढल्यावर थोडी लाली दिसणारच. भार घ्यायच्या जागी, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली आणि बाजूंना ती असली आणि दहा-पंधरा मिनिटांत विरली तर काळजी नाही. अर्ध्या तासानंही तीच लाली तिथंच असली, किंवा ती नडगीच्या टोकावर, गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, व्रणावर आली असली, तर सॉकेट तिथं रुतत आहे. पुढची पायरी फोडाची असते.

बैलाची मान शेतकरी रोज चाचपतो. खांदेसूज दिसली की ती उतरेपर्यंत जू ठेवत नाही, कारण एका दिवसाची घाई महिनाभर बैल बसवते हे त्याला ठाऊक असतं. स्टंपला हाच न्याय लावा. फोड आला, कातडी सोलवटली, की पाय काढून ठेवायचा आणि कुबड्यांवर चालायचं. फोड फोडायचा नाही. साध्या पाण्यानं धुऊन स्वच्छ कोरड्या कापडाची पट्टी लावायची. दोन-तीन दिवसांत बरा होत नसेल, किंवा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर जखमेला मलम आणि सॉकेटला दुरुस्ती अशी दोन्ही कामं करावी लागतील.

जांघेत किंवा व्रणाच्या घडीत गोल, खाजरे चट्टे आले तर तो बहुधा नायटा असतो. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्यानं खाज दोन दिवस थांबते आणि नायटा दुप्पट पसरतो. कातडीच्या डॉक्टरांना दाखवूनच औषध घ्या.

मोजा, सॉकेट आणि चप्पल

नवा पाय पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत घालू नका. आधी अर्धा तास घाला, काढा, कातडी बघा. लाली वेळेत गेली तर दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा. दिवसभर घालण्यापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागू द्या. झोपताना पाय काढा. पहिलं वर्षभर तरी रात्री पट्टी किंवा श्रिंकर बांधा, नाहीतर सकाळी पाय चढत नाही.

स्टंप पहिलं वर्ष-दीड वर्ष आकसत जातो. शिवाय तो सकाळी भरलेला आणि संध्याकाळी उतरलेला असतो. म्हणून सॉकेटमध्ये घालायचे मोजे पातळ आणि जाड असे दोन्ही जवळ ठेवा. पाय खोल जातोय, टोकाला ठोके बसतात, चालताना वरखाली होतोय, तर एक मोजा वाढवा. पाय पूर्ण आत जात नाही, वरच घट्ट बसतोय, तर एक कमी करा. तीन-चार जाड मोजे घालूनही सैलच राहत असेल तर सॉकेट बदलायची वेळ झाली. चिंध्या कोंबून भागवू नका.

मोजा रोज धुतलेला हवा. सुरकुती नको, शिवण व्रणावर नको, फाटलेला रफू करून नको. सॉकेट रात्री ओल्या फडक्याला थोडा साबण लावून आतून पुसा, मग साबण निघेपर्यंत साध्या ओल्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. उन्हात तापलेल्या पत्र्यावर, चुलीजवळ किंवा बंद गाडीत ठेवू नका. प्लास्टिकचं सॉकेट उष्णतेनं वाकतं. कुठं टोचतंय म्हणून स्वतः कानशीनं घासू नका, तापवू नका.

चपलेचाही इथं संबंध आहे. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, चिखलपाण्यात जाता यावं ही त्यामागची गरज होती. बाकीचे बरेच पाऊल-भाग ठरावीक उंचीच्या टाचेच्या बुटासाठी जुळवलेले असतात. असा पाय लावून लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला बूट काढून गेलात तर तोल मागं जातो आणि सॉकेट वेगळ्याच जागी रुतू लागतं. तेव्हा आपला पाय अनवाणी चालण्यासाठी आहे की नाही हे घेतानाच विचारा. आणि नवी चप्पल जुन्या टाचेच्या उंचीचीच घ्या.

उन्हाळा, पावसाळा आणि कारखान्यावरची कोपी

एप्रिल-मेमध्ये सॉकेटच्या आत घाम साचतो. दुपारी एकदा सावलीत बसून पाय काढा, स्टंप आणि सॉकेट कोरड्या फडक्यानं पुसा, मोजा बदला. पाच मिनिटांचं काम आहे. पावडर भरभरून टाकू नका. घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. पावसाळ्यात कुबडीच्या आणि काठीच्या टोकाचं रबर तपासा. ते गुळगुळीत झालं असेल तर बदला, थोड्या पैशांत मिळतं. सॉकेटमध्ये पाणी गेलं तर तसंच दिवसभर चालू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एक पिशवी वेगळी बांधावी. तिच्यात चार-पाच मोजे, दोन पट्ट्या, साबण, स्वतंत्र टॉवेल, लहान आरसा आणि औषधाच्या चिठ्ठ्या ठेवा. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, स्टंप धुवायचं पाणी कालव्यातून आणलेलं असेल तर उकळून कोमट करून वापरा. पाचटाचं कूस मोज्यात अडकतं, म्हणून मोजा घालण्याआधी उलटा करून झटका. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं कृत्रिम पायानं करायचं काम नाही. उचल घेण्याआधी मुकादमाशी हे स्पष्ट बोला आणि बसून करता येण्याजोगं काम मागा.

नसलेला पाय दुखतो तेव्हा

पाय गेला, तरी बोटं वळल्यासारखी, टाचेत कळ गेल्यासारखी वाटतात. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. घरात मग कुणी बाहेरचं म्हणतं, कुणी डोक्यावर परिणाम झाला म्हणतं. दोन्ही खरं नाही. मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून शाबूत आहे, आणि कापलेल्या नसा त्याला निरोप पाठवत राहतात.

कळ आली की स्टंपवर हलक्या टिचक्या मारा, मालिश करा, पट्टी बांधा किंवा पाय घाला. अनेकांना त्यानं आराम पडतो. दुसरा उपाय आरशाचा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढं आणला. दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा आरसा धरून चांगला पाय त्यात बघायचा, आणि दोन्ही पाय हलवतोय असं मनात धरून तो सावकाश हलवायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण खर्च काही नाही. रात्रीची झोप उडत असेल तर नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्या. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

दुसरा पाय आणि पडणं

मधुमेहानं पाय गेला असेल तर दुसऱ्या पायालाही तोच धोका आहे, आणि आता त्याच्यावर भारही जास्त आहे. त्यामुळे आरसा दोन्हीकडे फिरवायचा. बोटांच्या बेचक्या, टाच, नखं बघा. घरातही अनवाणी चालू नका, कुबडी न घेता लंगडी घालत फिरू नका, साखर वेळच्या वेळी तपासा. तंबाखू आणि विडी बंद करा. दोन्हींतल्या निकोटिननं पायाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरत नाही. तरुण वयात केवळ विडीमुळे पाय काळे पडून जाण्याचा बर्जर नावाचा आजारच आहे.

सगळ्यात जास्त घात होतो तो रात्री. झोपेतून उठताना पाय नाही हे क्षणभर विसरायला होतं, माणूस उभा राहतो आणि थेट स्टंपवर पडतो. भरलेली जखम पुन्हा उघडते. खाटेशेजारी हाताला लागेल अशी कुबडी किंवा जड खुर्ची ठेवा आणि रात्रभर एक दिवा चालू ठेवा. न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला धरायला दांडी, आणि संडासात कमोडची खुर्ची एवढी सोय लवकर करा. पडलात आणि रक्त आलं नाही, तरी स्टंप दाखवून घ्या.

थांबायचं नाही अशी लक्षणं

ताप, पू किंवा घाण वास, पसरत जाणारी लाली, काळी पडलेली कातडी, जांघेत आलेलं अवधान, व्रण उघडणं, अचानक वाढलेली सूज. यातलं एकही दिसलं तर पाय काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होतं. पुढचं काम बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होतं. गंभीर स्थितीत १०८ ला फोन करा.

कागदपत्रं आणि नवा पाय

जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, कृत्रिम अवयव मिळतो. एसटीतही सवलत आहे. शेतीच्या कामात किंवा रस्त्यावर अपघात झालेल्या शेतकरी कुटुंबानं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच चौकशी करावी. तिथं अर्जाला मुदत असते. सॉकेट वारंवार जमत नसेल तर मुंबईत हाजी अली इथली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आणि पुण्याचं लष्करी कृत्रिम अवयव केंद्र ही जुनी, अनुभवी ठिकाणं आहेत. पुण्याचं केंद्र १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झालं.

शिबिरात पाय मिळाला की लगेच निघू नका. तिथंच उठा, बसा, वीस पावलं चाला, पाय काढून कातडी बघा, पुन्हा घाला. मग चार प्रश्न विचारा. हा पाय अनवाणी चालण्यासाठी आहे का? मोजे किती आणि कसे वापरायचे? स्टंप आकसला तर सॉकेट कधी तपासायचं? आणि पाय दुरुस्त करायला कुठं, कुणाकडे यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पत्ता आणि फोन नंबरासह कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद यूडीआयडी कार्डासोबत ठेवा. पहिल्यांदा लागेल तेव्हा पाय माळ्यावर टाकायचा नाही, या पत्त्यावर न्यायचा.